प्रश्नावली कोण लिहितो? : सार्वजनिक आरोग्यातील पीएच.डी.च्या वाटा

आपल्या वस्त्यांत आजवर जितक्या पाहण्या झाल्या तितक्या बहुधा दुसऱ्या कोणत्याही समाजाच्या झाल्या नसतील. कुणी येऊन मुलांचे दंड मोजले, कुणी बायांचे रक्त तपासले, कुणी संडास आहे की नाही ते विचारून खूण केली. कागद भरले गेले, पिशवीत गेले आणि शहरात गेले. त्या कागदांवरून कुणाला पदवी मिळाली, कुणाला बढती मिळाली, एखाद्याचे पुस्तकही झाले. वस्तीला काय मिळाले, हा प्रश्न वेगळा. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. त्या कागदावरचे प्रश्न कुणी लिहिले होते? काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे कुणी ठरवले होते?

सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मी लिहितो आहे ते ह्या प्रश्नासाठी. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. दरवर्षी बी.ए.च्या, एम.ए.च्या वर्गात दोनचार मुलेमुली अशी निघतात की ज्यांना पुढे संशोधन करायचे असते. त्यांना आरोग्याचा विषय सुचवला की एकच उत्तर येते, "सर, ते डॉक्टरांचे काम." हा समज चुकीचा आहे आणि तो आपल्याला महाग पडतो आहे. म्हणून ह्या विद्येचे स्वरूप, तिच्यात शिरण्याच्या वाटा आणि त्या वाटांवरचे अडथळे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१

डॉक्टर एका रोग्याला तपासतो. ह्या माणसाला काय झाले आहे आणि त्याला काय द्यावे, हे त्याचे प्रश्न. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक विचारतो की हा रोग ह्याच वस्तीत का, ह्याच कामाच्या माणसांत का, आणि शेजारच्या आळीत का नाही? पहिल्याचे हत्यार स्टेथोस्कोप, तर दुसऱ्याची हत्यारे म्हणजे गणना, तुलना, मुलाखत, जुनी दप्तरे आणि कायदा. तेव्हा ह्या शास्त्रात वैद्यक आहेच. पण संख्याशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहासही तितकेच आहेत.

आपल्या चळवळीला हा विचार परका नाही. १८९६-९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. महाडचा १९२७ चा सत्याग्रह समतेचा होता, माणुसकीच्या हक्काचा होता. आणि तो पिण्याच्या पाण्यापाशीच झाला ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कुणाला कोणते पाणी मिळते, ह्यावर कुणाची मुले जगतात हे ठरत असते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. मजुराचे आजारपण हा त्याच्या नशिबाचा भाग नसून राज्याच्या जबाबदारीचा भाग आहे, हे त्या कायद्यामागचे तत्त्व होते. सार्वजनिक आरोग्याचे तत्त्वही हेच आहे.

२

मग ही विद्या डॉक्टरांचीच मालमत्ता आहे असा समज कसा झाला? त्याला इतिहास आहे. कलकत्त्याला १९३२ मध्ये अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था निघाली. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयांतून प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे विभाग सुरू झाले. ह्या विभागांत एम.डी. करणारा अर्थातच एम.बी.बी.एस. झालेला असे. म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करायचा तर आधी वैद्यकीय महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडायला हवा, अशी व्यवस्था झाली. तो उंबरठा आपल्यापैकी किती जणांना ओलांडता आला, हे सांगायला नको.

ही भिंत फोडणाऱ्यांत डॉ. देबाबर बॅनर्जी यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. ते डॉक्टर होते आणि मानववंशशास्त्रही शिकले होते. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत असताना त्यांनी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती की खेड्यातला माणूस अडाणी, त्याला क्षय कळत नाही, तो मांत्रिकाकडे जातो, म्हणून त्याचे प्रबोधन करा. बॅनर्जींनी खुद्द रोग्यांनाच जाऊन विचारले. उलटेच निघाले! बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. निम्म्याहून अधिक रोगी आधीच दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत पाठवले गेले होते. दोष रोग्याच्या डोक्यात नव्हता, दवाखान्याच्या रचनेत होता. ह्या एका अभ्यासाने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची दिशा ठरवायला मदत केली.

हेच बॅनर्जी १९७१ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्र उभे केले. तेथे डॉक्टर आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी एका बाकावर बसून संशोधन करू लागले. आज ह्या विद्येत बिगरडॉक्टर विद्यार्थ्याला जी जागा आहे, तिच्यामागे हा इतिहास आहे.

३

आता वाटांकडे वळू. ढोबळमानाने चार वाटा दिसतात.

पहिली वाट वैद्यकाची. एम.बी.बी.एस. करून सामुदायिक वैद्यकात एम.डी. आणि मग संशोधन. अलीकडे बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस., दंतवैद्यक आणि परिचर्या शिकलेली मुलेही मोठ्या संख्येने एम.पी.एच. म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी घेतात. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ साली हा अभ्यासक्रम सुरू केला. नंतर तो देशभर पसरला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही तो चालतो.

दुसरी वाट समाजशास्त्रांची. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य ह्यांपैकी कशातही एम.ए. झालेला विद्यार्थी नेहरू विद्यापीठाच्या केंद्रात किंवा टाटा संस्थेत आरोग्यावर पीएच.डी. करू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेच्या विषयांत 'सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य' हा स्वतंत्र विषय आहे, ही गोष्टही आपल्या पुष्कळ प्राध्यापकांना ठाऊक नसते.

तिसरी वाट आकड्यांची. गणित, संख्याशास्त्र, भूगोल ह्या विषयांचे विद्यार्थी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे जाऊ शकतात. ही संस्था १९५६ ची. देशाची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून ह्याच संस्थेच्या देखरेखीखाली होते. पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. त्या पाहण्यांची मूळ माहिती नोंदणी करून अभ्यासकाला मोफत मिळते. म्हणजे तालुक्याच्या गावी बसलेला विद्यार्थीही लाखो कुटुंबांची माहिती स्वतः तपासू शकतो. एवढे मोठे दप्तर उघडे असताना आपण ते उघडत नाही, ह्याचा विचार झाला पाहिजे.

चौथी वाट कामाची. समाजकार्याची पदवी घेऊन एखाद्या संस्थेत लागलेला तरुण, पाहणीची प्रश्नावली घेऊन उन्हातान्हात फिरणारी मुलगी, परिचारिका, आरोग्यसेवक. ही माणसे प्रश्न पाठ होईपर्यंत विचारतात. विचारता विचारता एक दिवस त्यांच्या लक्षात येते की खरा प्रश्न तर कागदावर नाहीच. माझ्या मते उत्तम संशोधक ह्या वाटेने येऊ शकतात. पण पिशवी वाहणाऱ्यापासून प्रश्न लिहिणाऱ्यापर्यंतचे अंतर फार मोठे आहे आणि आपली बहुसंख्य मुले पिशवीपाशीच थांबतात.

४

पीएच.डी. म्हणजे नेमके काय करावे लागते? आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षांचा हा काळ. सुरुवातीला संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम, मग संशोधनाचा आराखडा, नीतिसमितीची मान्यता, मग क्षेत्रकार्य, विश्लेषण आणि प्रबंध. नीतिसमितीची मान्यता म्हणजे कारकुनी नव्हे. माणसाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय, त्याची संमती घेतल्याशिवाय त्याच्या शरीराबद्दल आणि दुःखाबद्दल काही विचारायचे नाही, हा नियम आहे. ज्यांच्या संमतीची शतकानुशतके कुणी फिकीर केली नाही, त्यांना ह्या नियमाचे मोल अधिक कळावे.

पण खरे शिक्षण आहे ते पुरावा पारखण्याचे. एक उदाहरण घेतो. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या अहवालात आले की भारतातल्या दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि उच्चजातीय स्त्रीचे ५४.१ वर्षे. हा आकडा आपल्या सभांतून, पत्रकांतून फार फिरला. "दलित स्त्रीचे आयुष्य १५ वर्षांनी कमी" असे आपण म्हणू लागलो. आता संशोधक विद्यार्थ्याने काय पाहायचे? मृत्यूसमयीचे सरासरी वय आणि आयुर्मान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा दोन वस्त्यांत प्रत्येक वयात मरणाचे प्रमाण सारखेच आहे. पण एका वस्तीत मुले आणि तरुण जास्त, दुसरीत म्हातारी माणसे जास्त. पहिल्या वस्तीत मरण पावलेल्यांचे सरासरी वय आपोआप कमी निघेल. म्हणजे ह्या आकड्यात विषमता आहे आणि लोकसंख्येची वयरचनाही मिसळली आहे. त्याला आयुर्मान म्हणता येणार नाही.

मग विषमता खोटी का? मुळीच नाही. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ मध्ये ९ राज्यांच्या वार्षिक आरोग्य पाहणीवरून रीतसर आयुर्मान काढले. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान ३ वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे ४ वर्षांहून अधिक कमी निघाले. शिवाय गरिबीचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून अधिक फरक उरतोच, असे त्यांना आढळले. "हा प्रश्न जातीचा नाही, गरिबीचा आहे" असे म्हणणाऱ्यांना ह्याहून सडेतोड उत्तर कोणते? १५ वर्षांचा आकडा ऐकायला मोठा, पण विरोधकाने एक बोट लावले की ढासळणारा. ३ वर्षांचा आकडा लहान, पण पाय रोवून उभा राहणारा. चळवळीला दुसऱ्याची गरज आहे. घोषणेला धार पुराव्याने येते.

आणि इथेच आपल्या विद्यार्थ्यांसाठी काम पडून आहे. त्या ९ राज्यांत महाराष्ट्र नाही. आपल्या मृत्यूच्या नोंदीत जातीचा रकाना नाही, त्यामुळे नोंदणी कार्यालयाच्या दप्तरावरून हा हिशेब करता येत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. अहवालांच्या तक्त्यांत त्या सगळ्या मिळून एकच रकाना होतो. गटारात उतरणारा मेहतर, बँड वाजवणारा मातंग, शहरात नोकरीला लागलेला नवबौद्ध ह्यांची सरासरी काढून जो आकडा येतो, तो नक्की कुणाचा आकडा असतो?

५

प्रश्न कोण लिहितो ह्याने काय फरक पडतो, हे बीडच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे १०० त जवळपास १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी हे मान्य करूनही फरक डोळ्यांत भरणारा आहे.

आता एक अभ्यासक लिहील, "ह्या स्त्रियांना गर्भाशयाविषयी कितपत माहिती आहे?" उत्तर येईल, माहिती कमी आहे; शिफारस येईल, प्रबोधन करा. तुमकूरच्या अधिकाऱ्यांचीच ही भाषा! दुसरा अभ्यासक, ज्याची आई फडात गेली आहे, तो वेगळे विचारील. मुकादमाकडून उचल किती घेतली? एक दिवस खाडा झाला तर किती कापतात? नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, तेव्हा बाई पाळीच्या दिवसांत थांबली तर नवऱ्याचीही मजुरी बुडते का? फडाजवळ संडास आहे का? पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन गेल्यावर सरकारी दवाखान्यात काय झाले आणि खाजगी दवाखान्यात काय? ह्या प्रश्नांची उत्तरे आली की शिफारस प्रबोधनावर थांबत नाही. ती मजुरीच्या कायद्यापर्यंत, कारखान्याच्या जबाबदारीपर्यंत आणि खाजगी दवाखान्यांच्या नियंत्रणापर्यंत जाते.

तीच गोष्ट गटारातल्या मृत्यूंची. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मृत्यूमागे १० लाखांची भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हे सारे सफाई कर्मचारी आंदोलनासारख्या संघटनांनी नावानिशी याद्या केल्या, लढे दिले म्हणून झाले. विद्यापीठांनी ह्या मृत्यूंची शास्त्रशुद्ध गणना आधी का केली नाही? कारण तो प्रश्न ज्यांच्या घरातला होता, ते विद्यापीठात नव्हते.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्यातला अभ्यासक असला की संशोधन आपोआप खरे होते, असे मानता कामा नये. अनुभव प्रश्न देतो. उत्तर मात्र पद्धतीनेच शोधावे लागते. जे आपल्याला हवे आहे त्याच्या विरुद्ध पुरावा निघाला तर तोही मांडण्याची तयारी पाहिजे. बाबासाहेबांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचे जे प्रबंध लिहिले, ते आकड्यांच्या आणि दप्तरांच्या बळावर. त्यांच्या जातीमुळे कुणी त्यांना पदवी दिली नाही. त्यांच्या जातीमुळे कुणाला ती नाकारताही आली नाही.

६

अडथळ्यांबद्दल लिहिले नाही तर हा लेख नुसता सल्ला होईल.

पहिला अडथळा मुलाखतीचा. लेखी परीक्षेत गुण मिळवलेला मुलगा मुलाखतीत घसरतो, हा आपला जुना अनुभव. २०१६ साली नेहरू विद्यापीठाच्याच एका समितीने, नफे समितीने, मुलाखतीच्या गुणांत मागास विद्यार्थ्यांशी भेदभाव दिसतो म्हणून ते ३० वरून कमी करावेत अशी शिफारस केली होती. त्याच वर्षी आयोगाच्या नियमांनी संपूर्ण निवड मुलाखतीवर टाकली! नंतर विरोध झाल्यावर लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० असे प्रमाण आले. तेव्हा हे आकडे कागदावरचे तपशील नाहीत. कोण आत येणार हे त्यांवर ठरते.

दुसरा अडथळा पैशांचा. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून आहे. राज्यात बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. नेटमधून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. पण मिळणे आणि वेळेवर मिळणे ह्यांत फरक आहे. बार्टीच्या विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये मुंबईला आझाद मैदानावर धरणे धरून बसावे लागले. क्षेत्रकार्याच्या महिन्यांत पैसे थांबले की वरच्या घरातला विद्यार्थी वडिलांना फोन करतो; आपल्या विद्यार्थ्याला वडीलच फोन करतात, काही पाठवता येईल का म्हणून.

तिसरा अडथळा विषयाचा. परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली असा बदल झाला की भारताची संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाज ह्यांवरच्या संशोधनाला ती मिळणार नाही. म्हणजे दलित विद्यार्थ्याने परदेशात जावे, पण जात आणि आरोग्य हा विषय घेऊन जाऊ नये! ह्यामागचा हेतू वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

चौथा अडथळा एकटेपणाचा. हैदराबादचा रोहित वेमुला हा संशोधक विद्यार्थीच होता. तो १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. जळगावकडची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेली. ती आदिवासी समाजातली पहिल्या पिढीची डॉक्टर. आरोग्याचे शिक्षण देणाऱ्या जागाच माणसाला आजारी करत असतील, तर तोही सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न आहे आणि त्यावरही प्रबंध व्हायला हवेत.

७

मग आपण काय करायचे? शिक्षकांनी कला शाखेच्या मुलांना संख्याशास्त्राची भीती घालणे सोडले पाहिजे. टक्केवारी, सरासरी, प्रमाण आणि तुलना एवढ्यावर सुरुवात होते. पुढचे शिकता येते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातच नेट, अधिछात्रवृत्त्या आणि वर सांगितलेल्या संस्था ह्यांची माहिती द्यावी; एम.ए. झाल्यावर दिलेली माहिती उशिरा पोचते. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. इंग्रजी लिहिण्याचा सराव रोज करावा, पण विचार मराठीत करण्याची लाज धरू नये.

कार्यकर्त्यांवरही जबाबदारी आहे. मोर्चा झाल्यावर निवेदन फाइलला लागते, पण कोणत्या गावात कोणत्या तारखेला कोण कशाने गेले ह्याची वही कुणी ठेवत नाही. ती ठेवली पाहिजे. नाव, वय, काम, लक्षणे, कुठे नेले, किती वेळात नेले, तिथे काय सांगितले. उद्याच्या संशोधकाला ह्या वहीइतके मोलाचे साधन दुसरे नाही, आणि आजच्या वकिलालाही नाही.

जामखेडला १९७० मध्ये आरोळे दांपत्याने काम सुरू केले तेव्हा गावच्या आरोग्यसेविका म्हणून ज्या बायांना शिकवले, त्यांत कितीतरी दलित होत्या, निरक्षर होत्या. बाळंतपण, जुलाब, ताप ह्यांची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि ज्या घरांत त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या घरांतली बाळे त्यांच्या हातांवर जन्मली. जिला अक्षर येत नव्हते तिने एवढे केले. आपल्याकडे तर आता पदव्या आहेत.

आणि ज्यांनी ही पीएच.डी. पुरी केली आहे त्यांच्याकडे एकच मागणी आहे. प्रबंध इंग्रजीत विद्यापीठाला द्या. पण त्यातले निष्कर्ष चार पानांत, मराठीत, त्या वस्तीत जाऊन वाचून दाखवा. ज्यांची उत्तरे तुम्ही नेलीत, त्यांना ती कुठे गेली हे कळण्याचा हक्क आहे. ऐकून झाल्यावर कुणीतरी म्हणेल, "पण हे तर तुम्ही विचारलेच नाही." तो प्रश्न लिहून घ्या. पुढच्या प्रबंधाची सुरुवात त्यानेच करा.